पेज किती दाट हवी?

"अंगणात नागली वाळतेय, परसात शेवगा उभा आहे, आणि पोराची ताकद आणायला ही बाई दुकानात जाते!"

गुरुजींचा राग नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या आठवडी बाजारात दिसलेल्या एका पिशवीवर होता. वर पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं, मध्ये बिस्किटांचे पुडे आणि तळाशी दुधात कालवायच्या चॉकलेटी भुकटीचा डबा. पिशवीवाल्या बाईला ते काही बोलले नव्हते. हे सगळं ते ऐकवत होते आपल्या जुन्या विद्यार्थिनीला. चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात शिकलेली ही मुलगी आता पोषण पुनर्वसन केंद्रात आहारतज्ज्ञ आहे. तीव्र कुपोषित मुलं आईसोबत तिथे दाखल होतात आणि वजन वाढेपर्यंत राहतात. गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, खिचडीचा तांदूळ मोजून घेतला, खिचडी वाढली आणि मुलांच्या पंगतीत बसून खाल्लीही. त्यामुळे मुलांच्या ताटाबद्दल या दोघांचं बोलणं सुरू झालं की ते ऐकीव माहितीवर चालत नाही.

गुरुजींचं म्हणणं सरळ आहे. नाशिकच्या या डोंगरपट्ट्यात नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात रानभाज्या हेच मुलांचं अन्न होतं. ते पुरेसं होतं. लोकांनी ते सोडलं, तिथून सगळं बिघडलं. शाळेत अंडं द्यायचं की केळं यावर मुंबईत भांडण्यापेक्षा घरची भाकरी परत ताटात आणा.

"नागलीबद्दल तुम्ही बोलताय त्याहून मी जास्त बोलेन," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. शंभर ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आतबाहेर. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरलं तरी त्यातून १८० मिलिग्रॅम मिळतात. दूध ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे, हे त्यांना मान्यच आहे.

डब्यावर तर वाद झालाच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना कळवलं, की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीनेही आपल्या पेयांच्या वर्गाचं नाव बदललं. अशा भुकटीत साखर किती असते हे डब्यामागच्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचावं. गुरुजी म्हणाले, "तेवढ्या पैशात शेंगदाणे किती येतील?" बाई म्हणाल्या, "भरपूर." विषय तिथेच संपला.

खरा वाद पेटला पेजेवरून.

"मग नागलीची पेज द्या म्हणून सांग ना सगळ्यांना. सहा महिन्यांचं झालं की उष्टावण, मग पेज, मग वरणाचं पाणी. आमच्या आयांनी तेच दिलं."

"तेच तर देऊ नका म्हणून सांगते, गुरुजी."

गुरुजी थबकले. बाईंनी हिशेब मांडला. केंद्रात आलेल्या आईला त्या पहिल्याच दिवशी विचारतात, पेज कशी करतेस ते दाखव. बहुतेक जणी पातेलंभर पाण्यात मूठभर पीठ घालतात. एका वाटीच्या वाट्याला पोहे खायच्या चमच्याने एक चमचा पीठ येतं, म्हणजे दहा ग्रॅम. त्यातून मिळतात जेमतेम तीस-बत्तीस कॅलरी. वर्षाच्या मुलाचं पोट सव्वा वाटीत भरतं. पोट तट्ट फुगतं, मूल हात मागे घेतं, आई म्हणते पोटभर जेवलं. अशा तीन वाट्यांमधून शंभर कॅलरी गेल्या. आईचं दूध चालू असताना वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला वरच्या अन्नातून साधारण ५५० कॅलरी लागतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

"आणि वरणाचं पाणी? डाळ तळाशी राहते. वरचं पिवळं पाणी बाळाला आणि खालची डाळ मोठ्यांना. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याला आपण हळद-मीठ घातलेलं पाणी पाजतो."

हा मुद्दा महाराष्ट्रातल्या घराघराला लागू आहे, नुसत्या पेठ-सुरगाण्याला नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही सातव्या महिन्यात वरणाचं पाणी, भाताची पेज, सफरचंदाचा रस असाच क्रम असतो. पचायला हलकं म्हणून पातळ, आणि पातळ म्हणून रिकामं. सहा महिन्यांनंतर बाळाला मऊ, घोटलेलं पण दाट अन्न पचतं. चमचा तिरका केला तर ते ओघळून पडता कामा नये. ही एक खूण आईच्या लक्षात राहिली तरी निम्मं काम होतं, असं बाई सांगतात. त्याच वाटीत तीन चमचे पीठ, चहाचा एक चमचा तेल आणि दोन चमचे दाण्याचं बारीक कूट घातलं की आकडा दोनशेच्या जवळ जातो. वाटी तीच, चूलही तीच. दाणे मात्र अख्खे नकोत. लहान मुलांच्या श्वासनलिकेत ते अडकतात.

"गूळ?" गुरुजींनी विचारलं.

"दोन वर्षांच्या आत नको. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. एकदा गोडाची चटक लागली की भाजी तोंडात धरत नाहीत."

गुरुजींना हे जड गेलं. "आम्ही सगळे गूळ घातलेल्या पातळ पेजेवरच वाढलो. काय झालं आम्हाला?"

महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो, आणि विचारणारा मनापासून विचारतो. बाईंनी त्याला हसण्यावारी नेलं नाही. "जे वाढले ते सांगायला आहेत, गुरुजी. तुमच्या आईची किती लेकरं वाचली नाहीत?" गुरुजींनी उत्तर दिलं नाही. त्या पिढीत दोन-तीन बाळं जाणं हे घराघरातलं दुःख होतं आणि लोक ते मोजत नसत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा राज्य हादरलं. तो भाग पेठच्या शेजारचाच. नागली तिथेही पिकते.

आजचं चित्र २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली, २५ हून अधिक मुलं उंचीच्या मानाने रोड, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळपास ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. दरडोई उत्पन्नात वरच्या रांगेत असणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. ते नुसते वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. आणि हे बदलता येत नाही असंही नाही. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं आणि पहिल्या दोन वर्षांच्या वयावर जोर दिला. २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ३९ वरून २३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. उंची या वयात एकदा हुकली की नंतर ती भरून काढणं फार कठीण जातं, म्हणून या दोन वर्षांना इतकं महत्त्व.

"दाट पेज पोरं गिळत नाहीत," गुरुजी म्हणाले. हा आक्षेप अनुभवाचा होता. नागलीचं पीठ गार झालं की खळीसारखं घट्ट होतं. बाळ जीभ बाहेर काढतं, आई पुन्हा पाणी ओतते.

इथे बाईंनी गुरुजींच्याच घरातली युक्ती काढली. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, हलकी भाजायची आणि दळायची. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ते स्टार्चचे तुकडे करतं. शिजवलेल्या दाट लापशीत, ती जरा निवल्यावर, या पिठाचा एक चमचा घालून ढवळलं की डोळ्यांदेखत लापशी सैल होते. पाणी न घालता पातळ झालेली, म्हणजे ताकद तेवढीच आणि गिळायला सोपी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर प्रयोग करून लेख लिहिले. शिवाय मोडांमुळे धान्यातला लोह अडवून धरणारा घटक कमी होतो.

गुरुजी खुलले. "म्हणजे आमच्या आज्यांना कळत होतं."

"मोडांचं कळत होतं. सत्त्वाचं सांगू?" नागली भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा म्हणजे सत्त्व. कौतुकाची, खटाटोपाची गोष्ट. पण नागलीचं कॅल्शियम मुख्यतः तिच्या तांबूस सालीत असतं आणि फडक्यात उरलेला तो चोथा जनावरापुढे जातो. बाळाला राहतो तो बराचसा स्टार्च. म्हणून बाई सांगतात, मोड आणून अख्खं दळा, बारीक चाळणीने चाळा, पण वस्त्रगाळ करू नका.

एवढ्यावर बोलणं संपलं असतं तर ती एका तज्ज्ञाची शिकवणी झाली असती. गुरुजींनी मग जे विचारलं, त्याने सूर बदलला.

"तुझं सगळं खरं. दिवसातून चार-पाच वेळा भरव म्हणतेस. कोण भरवणार? दिवाळी झाली की आमची निम्मी गावं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत नाहीतर वीटभट्टीवर. आई पहाटे निघते, अंधार पडता परत येते. पोर सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण त्याला काय देणार? पाच रुपयांचं पाकीट. ते फोडायचं, मूल गप्प होतं. तुझ्या तक्त्यात ती बहीण कुठे आहे?"

हा मुद्दा बाईंना खोडता आला नाही आणि त्यांनी खोडायचा प्रयत्नही केला नाही. आहारावरचे बहुतेक लेख आईला उद्देशून लिहिलेले असतात आणि आई घरी, चुलीजवळ, वेळ हाती असलेली अशी त्यात धरलेली असते. शेतमजुरी करणाऱ्या आईच्या बाबतीत ते धरणं चूक आहे. केंद्रात दाखल झालेल्या बाईलाही मागे राहिलेल्या मुलांची आणि बुडणाऱ्या मजुरीची काळजी असते. वजन वाढायच्या आत ती मूल उचलून घरी जाते तेव्हा तिला अडाणी म्हणणं सोपं असतं. बुडालेल्या मजुरीबद्दल तिला कुणी विचारत नाही.

म्हणून अंगणवाडीचं महत्त्व. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे दिवसाला ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. तिथली सेविका दंडघेराची पट्टी मुलाच्या दंडाला गुंडाळते; साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या खाली पिवळं. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी शिजवलेलं अन्न नाही, घरी न्यायचं पाकीट मिळतं, ते घरात सगळ्यांत वाटलं जातं. आणि कुटुंब बागेवर गेलं की मुलाचं नाव इथल्या पटावर आणि मूल तिथल्या शेडमध्ये.

"मग त्या बहिणीच्या हातात काय ठेवायचं ते सांग," गुरुजी अडून बसले.

बाईंनी यादी सांगितली, आणि ती गुरुजींच्याच ताटातली निघाली. मोड आलेल्या नागलीचं भाजलेलं पीठ, दाण्याचं कूट, भाजलेल्या डाळ्याचं पीठ, थोडं तेल. पहाटे लाडू वळून डब्यात. दोनच्या वरच्या मुलाला त्यात गूळ चालेल. दोनच्या आतल्याला बहिणीने तोच लाडू गुळाशिवाय, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कुस्करून दाट भरवायचा; चूल पेटवायला नको. हैदराबादच्या संस्थेने कुपोषित मुलांसाठी केलेल्या 'हैदराबाद मिक्स'मध्येही गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ एवढंच होतं. सोबत उकडलेलं अंडं, सालीसकट नेलं तर दुपारपर्यंत टिकतं. उकडलेलं रताळं. मांसमच्छी खाणाऱ्या घरात बाजारातलं सुकट: भाजून, कुटून, चिमूटभर वरणात. काट्यासकट खाल्लं जातं म्हणून कॅल्शियमही मिळतं.

आणि सकाळचा चहा बंद.

यावर गुरुजी चमकले. वर्षा-दोन वर्षांची मुलं बशीतून चहा पितात, त्यात बटर किंवा बिस्किट बुडवतात, ही त्यांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट. स्वतःच्या नातवालाही ते देतात. बाईंनी सांगितलं, चहातलं टॅनिन धान्या-भाज्यांतलं लोह शरीराला घेऊ देत नाही. नागलीतलं लोह मुळात थोडंच शोषलं जातं, त्यावर चहा. उलट शेवग्याच्या पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळलं, किंवा जेवणाबरोबर पेरू, आवळा खाल्ला, तर क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त लागू पडतं. शंभरातल्या ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, त्या राज्यात मुलांच्या बशीतला चहा ही किरकोळ सवय म्हणून सोडून देता येणार नाही.

राहिला अंड्याचा प्रश्न, आणि इथे दोघं शेवटपर्यंत भांडले.

महाराष्ट्रात आदिवासी भागातल्या अंगणवाडीच्या मुलांना अमृत आहार योजनेत अंडी मिळू लागली होती. शाळांमध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरात झाला. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. काही संघटनांनी विरोध केला. २०२५ च्या जानेवारीत राज्याने अंड्यांचा निधी थांबवला. अंडी हवी असतील तर शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगितलं गेलं.

गुरुजी माळकरी आहेत. ते म्हणाले, "आठवड्याला एका अंड्याने काय फरक पडतो? आणि आमच्या गावात माळकऱ्यांची घरं आहेत. एका पंगतीत काहींच्या ताटात अंडं आणि काहींच्या नाही, हे मला शिक्षक म्हणून रुचत नाही. पंगत एक असावी."

"एकाने फार फरक पडत नाही, म्हणूनच जास्त हवीत," बाई म्हणाल्या. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती पूर्ण लागू पडतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सोळा ग्रॅमच्या आसपास आहे. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व, जे नागलीत नाही, डाळीत नाही, शेवग्यात नाही. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तेव्हा उंची खुंटण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झालं. २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लगेच त्यांनी स्वतःच दुसरी बाजूही सांगितली. आफ्रिकेतल्या मलावीत हाच प्रयोग झाला आणि तसा परिणाम दिसला नाही. पण तिथली मुलं सरोवराकाठची, त्यांच्या खाण्यात आधीपासूनच मासे होते. ज्या मुलाच्या ताटात दूध-मासे-अंडं यातलं काहीच येत नाही, त्याला अंडं सगळ्यात जास्त लागू पडतं. डोंगरपट्ट्यातली बहुसंख्य मुलं अशीच आहेत, आणि त्यांच्या घरात अंडं निषिद्ध नाही. कोंबड्या दारात आहेत; अंडी विकली जातात, कारण त्यातून तेल-मीठ येतं.

पंगत एक असावी या भावनेला मान दिला पाहिजे. गुरुजींनी जातीपातीच्या गावात एका ओळीत मुलं बसवली आहेत, त्या अनुभवातून ते बोलतात. पण एकच पंगत राखण्यासाठी सगळ्यांच्याच ताटातून अंडं काढलं, तर त्याची किंमत अंडं खाणारं आणि घरी ते न मिळणारं मूल मोजतं. इथे गुरुजींचं म्हणणं पटत नाही. लोकसहभागाचं तर त्यांनाही पटलं नाही. "वर्गणी बाजाराच्या गावात जमेल," ते म्हणाले. "आमच्या पाड्यावर ज्यांच्या पोराला अंडं हवंय त्यांच्याकडूनच वर्गणी मागायची?"

"बरं, माळकऱ्यांच्या पोरांना अंड्याऐवजी केळं द्यायचे ते तरी बरोबर होतं का?" त्यांनी लगेच विचारलं.

नाही, बाई म्हणाल्या. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं. अंड्याच्या बदल्यात केळं म्हणजे त्या मुलाचं नुकसानच. सहा ग्रॅमची बरोबरी करायची तर पंचवीस ग्रॅम शेंगदाणे हवेत, म्हणजे एक मोठी चिक्की किंवा दाण्याचा लाडू. आणि ब-१२ साठी पेलाभर दूध किंवा वाटीभर दही-ताक. तेही आठवड्यातून एकदा नव्हे.

"मग माझ्या माळकऱ्यांच्या पोरांना दाण्याचा लाडू आणि दूध, बाकीच्यांना अंडं, आणि दोन्हींचा पैसा सरकारचा. असं लिहून देशील? शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवतो मी."

"देते. पण त्यात पहिल्या ओळीत दोन वर्षांच्या आतल्या मुलांचं लिहीन. शाळेत यायच्या आधीच त्यांची उंची ठरून गेलेली असते."

"समितीच्या हातात शाळा आहे, अंगणवाडी नाही," गुरुजी म्हणाले.

"अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे ना?" बाईंनी विचारलं, आणि कागद मागितला.